धरणावरची भाकरी

(घाटकोपर, मे १९८३. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलंय. सहदेव दोन दिवसांसाठी गावाहून खोलीवर आलाय.)

रुक्मिणी : हात दाखवा बघू. अगं बाई! गिरणीत एवढी वर्षं काढलीत, असे फोड कधी आले नव्हते.

सहदेव : मातीकाम आहे. टोपली भरायची, धरणावर नेऊन ओतायची.

रुक्मिणी : धरणावर? आपल्याच नदीच्या? आणि मी चाळभर सांगत सुटलेय, हे आईंच्या मदतीला गेलेत म्हणून!

सहदेव : गावात दुसरं काम दाखव मला. संपानं वाट लावली आपली.

रुक्मिणी : पण त्या भिंतीनं आपलंच घर बुडणार ना हो?

सहदेव : बुडणार. या पावसाळ्यातच. माती पण आपल्याच वरच्या शेतातली काढतायत. आता कसं वाटतं ते विचारू नकोस. वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आलाय.

रुक्मिणी : बरं, नाही विचारत. आईंना का नाही आणलंत?

सहदेव : घर सोडायला तयार नाही. म्हणून तर आलोय. तू चल, तुझं ऐकेल. माझ्याशी बोलतच नाही ती.

रुक्मिणी : धरणावर जाता म्हणून?

सहदेव : पहिल्या दिवशी टोपली घेऊन निघालो, तर दारात उभी राहून नुसती बघत होती. तेव्हापासून अबोला.

रुक्मिणी : मग सोडा ते काम.

सहदेव : सोडतो. पोरांना काय घालशील? तुझ्या पापडांवर भागतंय का?

रुक्मिणी : माझ्यावर कशाला डाफरताय?

सहदेव : डाफरत नाही गं. दमलोय.

रुक्मिणी : आणि जेवता कुठे?

सहदेव : दुपारी भाकरी येते धरणावर. फडक्यात बांधलेली, वर सुकटीची चटणी. शेजारची रत्नप्रभा आणून देते.

रुक्मिणी : आईंच्या हातची?

सहदेव : तिच्याच. एकदा रत्नप्रभेनं तिला विचारलं, म्हातारे, निघत का नाहीस? तर म्हणाली, ‘झील थंय राबता तवसर चूल मोडूची कशी? तेका भाकरी कोण भाजतला?’

रुक्मिणी : अगं आई गं! म्हणजे लेकाच्या भाकरीसाठीच चूल धरून बसल्यात त्या तिथं.

सहदेव : हो ना. आणि मी भिंत वाढवतोय.

रुक्मिणी : उद्या एसटी कितीला आहे?

सहदेव : येतेस?

रुक्मिणी : येते. आईंना इकडे पाठवू, नातवंडांत राहतील. त्या येईपर्यंत पोरांना समोरच्या खोलीतल्या नलिनीवहिनी बघतील. तिथली चूल मी सांभाळते. सुनेच्या हातात द्यायला नाही म्हणायच्या नाहीत त्या.

सहदेव : आणि पाणी आलं की?

रुक्मिणी : तेव्हा तुमचंही काम संपलेलं असेल. मग चूल दोघं मिळून मोडू.