हिराचा डोंगर, अर्ध्यापर्यंत

डोंगर चढायच्या बाबतीत माझा हात धरील असा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात तुमाला सापडायचा नाय, लिवून घ्या. आता चढायचा घोडा, आन मी मागनं त्याची शेपूट धरून जायचो, ती गोष्ट वेगळी.

हसू नका, ती रीतच हाय आमची. माथेरानला गिऱ्हाईक घोड्यावर बसलेलं असतं, चढ आला का घोडेवाला मागं सरकतो, शेपटीला हात घालतो, आन घोडा दोघांनाबी वढतो. माझा बाप असाच चढला, मीबी असाच चढलो. बाप मूळचा खालापूरकडचा, माथेरानला घोड्यामागं आला तो तिथलाच झाला, घर तेवढं खाली दहिवलीत केलं, पावसात धंदा बंद असतो तवा घोडा बांधायला जागा पायजे म्हणून. म्हंजे घर घोड्यासाठी, आमी आपले त्याच्या संगती ऱ्हायलो. शाळेत मी दोन दिस गेलो, त्यातला एक रविवार निघाला. मास्तर म्हणाले कासम, तू घोड्याकडंच बरा, तर बाप म्हणाला घोडंबी तेच म्हणतंय का ते आधी विचारतो.

पण तोंड माझं पयल्यापासून चालू. पॉइंटवर गिऱ्हाईक नेलं का नुसती दरी दाखवून भागत नाय, कायतरी सांगावं लागतं. मंग मी सांगायचो, हितनं एका गोऱ्या सायबाचा घोडा उडाला तो थेट समोरच्या डोंगरावर जाऊन उभा ऱ्हायला, ते बघा खूर उमटलेत. नवराबायको डोळे बारीक करून बघायचे आन दिसले म्हणायचे. दुसऱ्या पॉइंटवर तोच सायब, नुसता घोडा पांढरा. चाळीस वर्सं मी त्या सायबाला उडवतोय. गावात सगळ्यांना ठावं हाय. कासम म्हणाला पाऊस पडतोय, तर लोक हात भायेर काढून बघतात.

आता अम्माचं सांगतो. अम्मा माझी म्हातारी, डोळे पार गेलेले, काचबिंदू झाला व्हता आन आमी ध्यान दिलं नाय, खरं तेच सांगतो. तिला एकच व्हतं, मक्केला जायचं आन हिराची गुहा बघायची. ल्हानपणी तिच्या आजानं सांगितलेलं, त्या डोंगरावर हुजूर, म्हंजे आमचे पैगंबर, एकटे बसायचे आन तितंच पयली वही उतरली, म्हंजे अल्लाचा पयला शब्द. वाच असा पयला शब्द. आन हिला तर वाचता येत नाय, मलाबी नाय, पण ती म्हणायची, त्यांनाबी कुटं येत व्हतं, तरी त्यांनाच सांगितलं ना.

उमऱ्याला, म्हंजे मक्केच्या ल्हान यात्रेला, जायचं जमलं तवा तिच्यानं हलवत नव्हतं. मी आन माझी बायको सलमा, दोघंच निघालो, कर्जत-खालापूरच्या लोकांच्या जथ्यात. निघताना अम्मानं माझा हात धरला. म्हणाली, कासम, तू माझे डोळे होऊन जा. गुहा केवढी हाय, आत पाय कसा ठेवावा लागतो, दगड गार का ऊन, सगळं बघून ये आन मला सांग. पण वाढवायचं नाय. त्या सायबाचा घोडा तितं उडवलास तर मी मेल्यावरबी तुला माफ करायची नाय. मी म्हणलं, अम्मा, तुझी शपथ. ती म्हणाली, माझी नको, मला अजून जगायचं हाय.

मक्केत उमरा झाला. काबा पयल्यांदा बघितला तवा काय वाटलं ते मला सांगता येत नाय, आन मला सांगता येत नाय अशी ती एकच गोष्ट. मंग एक दिवस बशीतनं जियारतीला नेलं, जुन्या पाक जागा बघायला. अरफातच्या मैदानात रहमतचा डोंगर हाय, तितं सगळे हात पसरून रडत व्हते, मीबी हात पसरणार, तर खाली एक उंटवाला दिसला. उंट सजवलेला, लोकं बसवून फोटो काढायचे. त्या उंटाचा पट्टा ढिला. आता मला सांगा, घोडेवाल्याला ढिला पट्टा बघवतो व्हय? मी गेलो आन त्याला न विचारता वढला. उंट असा काय वरडला, आन उंटवाला त्याच्याहून जास्ती. सलमा वरनं बघत व्हती. म्हणाली, लोकं हितं पापं धुवायला येतात, अवो तुमी उंटाचा पट्टा आवळायला आलाव?

दोन दिसांनी सकाळची नमाज झाली आन आमी हिराच्या पायथ्याशी गेलो. आमच्या जथ्याला वाट दाखवणाऱ्या मुअल्लिमसाहेबांनी आधीच सांगितलं, वर चढणं उमऱ्यात येत नाय, झेपेल त्यानंच जावा. मी म्हणलं, साहेब, माथेरानवाल्याला हे सांगताव? आन सगळ्या बायकांना सांगत सुटलो, माझ्या मागनं चला, श्वास नाकानं घ्या, पाय आडवा टाका. सलमाचे गुडघे दुखतात, तिला म्हणलं तू कायकू येतीस, खाली बस. तिनं चप्पल घट्ट केली.

पायऱ्या हायत, पण सरळ वर. निम्म्याच्या आधीच छाती भात्यासारखी हलाया लागली. आन काय सांगू तुमाला, हात आपोआप पुढं शेपूट शोधाया लागला. पुढं एक आडदांड माणूस चालला व्हता, कुठल्यातरी लांबच्या देशातला, दारात मावणार नाय एवढा, त्याच्या खांद्यावरनं शालीचं टोक मागं लोंबत व्हतं. धरलं की मी! कळलंच नाय, चाळीस वर्सांची सवय. चांगल्या वीस पायऱ्या त्याच्या जिवावर चढलो, वरनं तोंडानं टक टक आवाजबी काढला. तो थांबला, वळला. मी म्हणलं आता हा मला डोंगरावरनं खाली टाकणार. तर तो हसला, छातीला हात लावला, शालीचं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलं आन वढाया लागला. एवढी वर्सं घोड्यांच्या शेपट्या धरल्या, पण घोडं मागं बघून हसल्याचं मला आठवत नाय. मला लई रडू आलं. मनगट सोडवलं, त्याला म्हणलं जा बाबा, तुझी वाट नको आडवायला, आन एका कातळावर बसलो तो बसलोच.

सलमा आली. मला बघितलं, पाणी पाजलं, म्हणाली हितंच ऱ्हावा, आन गेली वर. दुखऱ्या गुडघ्यानं. मी तिच्या पाठीकडं बघत बसलो. माकडं हायत तिकडं, एकानं माझ्या हातातला बिस्किटाचा पुडा नेला. माथेरानात मी रोज वरडतो, पिशव्या झाका, माकडं हायत!

ती खाली आली तवा डोळे सुजलेले, तोंड शांत. म्हणलं, सलमा, आत कसं हाय ते सांग गं, अम्माला सांगाया पायजे. म्हणाली, नाय सांगायची. मी एक सांगीन, तुमी घरापोत्तर त्याचे दहा कराल.

परतीच्या अख्ख्या वाटेवर मी ती गुहा मनात बांधत व्हतो. खोटं बोलायला मला मेहनत नाय लागत, आन म्हातारीला दिसतंय कुटं, सलमा तर सासूसमोर मला खोटं पाडणार नाय. सगळं तयार व्हतं.

घरी आलो तर दहिवलीची अर्धी आळी दारात. मक्केच्या जमजम विहिरीचं पाणी दिलं, खजूर दिले. अम्मानं माझे हात हातात घेतले आन बोटं फिरवत बसली, जसं काय त्या दगडाची धूळ अजून लागलेली हाय. म्हणाली, सांग रं. आत पाय कसा ठेवलास?

मी तोंड उघडलं. सायबाचा घोडा उडायला एकदम तयार. आन तिचा चेहरा बघितला, ती डोळे मिटून बसली व्हती. डोळे तर गेलेलेच, तरी तिनं मिटले व्हते, नीट बघता यावं म्हणून.

म्हणलं, अम्मा, मी गेलोच नाय. अर्ध्यात बसलो. दम लागला.

शेजारचा म्हणतो, कासम, खरं बोलतोस का? म्हंजे बघा माझी किंमत. अम्मानं हात सोडला नाय. म्हणाली, मंग अर्ध्यापोत्तरचं सांग. मी सांगितलं. कातळ तपकिरी, आपल्या माथेरानच्या लाल मातीसारखा नाय, लोकांच्या पायानं गुळगुळीत झालेला, खालच्या अंगाला गार, वरनं हात टेकला तर उनानं तापलेला. शाल सांगितली. माकड सांगितलं, तवा ती हसली. एक शब्द वाढवला नाय, तुमची शपथ. तिनं गालावरनं हात फिरवला आन म्हणाली, बस झालं. सलमा, बाय, आता तू सांग.

आन सलमानं सांगितलं. दोन मोठ्या दगडांच्या फटीतनं आंग आडवं करून जावं लागतं, आत एकदोघं नमाज पढतील एवढीच जागा, आन एवढी माणसं भायेर असून आत सुनं सुनं वाटतं. मी दाराला टेकून ऐकलं. मलाबी तवाच कळलं.

त्याला आता बरेच दिस झाले. मी पॉइंटवर खरं बोलायचं ठरवलंय, ही दरी हाय म्हणतो, गिऱ्हाईक म्हणतं एवढंच? अम्मा खाटेवर असते, कोण ना कोण बाया येतात आन हिराचं विचारतात. मंग ती सांगती. फट केवढी, आंग कसं आडवं करायचं, ते खाटेवर बसल्या बसल्या करून दाखवती. परवा मी मधीच बोललो, अम्मा, कातळ खालच्या अंगाला गार असतो. तर माझ्याकडं तोंड वळवून म्हणती कशी,

तू गप रं. तू कुटं वर गेलावतास?