वरचा नळ

नाही, लिहा ना मॅडम — पाणी सुरू आहे, असंच लिहा. कोर्टाने तेवढंच बघायला पाठवलंय ना तुम्हाला? मग? खालच्या सगळ्या बिऱ्हाडांत बघितलंत, धो धो येतंय. या बिल्डिंगचं पाणी एक दिवसही तोडलं नाही, असं आमच्या वडिलांनी शपथेवर सांगितलंय. आणि वडील शपथेला फार मानतात. हसू नका.

मी? मी काही करत नाही. कॉलेज सोडलं. घरमालकाचा मुलगा, हेच काम — पंप लावायचा, व्हॉल्व्ह फिरवायचे. तिसऱ्या मजल्याचा वेगळा आहे — जाऊ दे, उगाच बोललो.

वर कुणी नाही आता. शिलाईवाल्या मावशी होत्या, भाडे-नियंत्रणवाल्यांकडे तक्रार केली त्याच. त्यावरूनच तर सरकारने वडिलांवर ही केस ठोकली. चाळीस वर्षं एका खोलीत. कायद्याने काढता येईना — मग वडील म्हणाले, "पाणी बंद कर, आपोआप जाईल भाचीकडे." मोठी माणसं ना! आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही, व्हॉल्व्हची किल्ली फक्त पोराच्या हातात द्यायची. आणि आई? आई म्हणाली, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये — आणि आपल्या बादल्या भरत राहिली.

इथेच भेटल्या मावशी, याच जिन्यात. दोन हातांत दोन बादल्या. माझ्या शाळेच्या पँटी दरवर्षी त्यांनीच उसवून लांब केलेल्या. "काय रे, पाणी कधी येणार?" मी म्हटलं, मोटर जळलीय मावशी. तोंड वर करून म्हटलं. "बरं," म्हणाल्या, "मी नळ उघडाच ठेवलाय. आवाज आला की उठेन." बादली धरली नाही मी. हात रिकामे होते माझे, मॅडम — दोन्ही. त्यानंतरच्या खेपेला पायरीवर बसल्या त्या बसल्याच — तिथेच गेल्या. भाची आली, मशीन तेवढं घेऊन गेली. वडिलांनी लगेच आपलं कुलूप घातलं. आत कुणी डोकावलंही नाही.

आज तुम्ही येणार, म्हणून वडिलांचा हुकूम — "सगळे व्हॉल्व्ह खोल, काही कमी दिसता कामा नये." खोलले सगळे. वरचाही.

ऐकू येतंय? टाकी नाही ती, पंप बंद आहे. नीट ऐका. आणि हा छताचा डाग — तुम्ही आलात तेव्हा होता का? त्यांची मोरी चिंध्यांनी तुंबायची नेहमी. वडील खाली कपाटं उपसतायत, कुलपाची किल्ली शोधतायत. नाही सापडणार. ही बघा, माझ्या खिशात आहे. घ्या. उघडा तुम्ही, आणि व्हॉल्व्ह कुणी बंद केला तेही लिहा, सही करतो मी.

मी? नाही. मी नाही येणार वर. आवाज आला की उठेन, म्हणाल्या होत्या त्या — जा ना मॅडम, तुम्ही जा.