खांद्यावरचं फडकं

नाही, पण मी म्हणतो, बायकोला शिकवायचं कशाला? धंद्यातली गोष्ट धंद्यात ठेवावी, घरी जाऊन हातपाय धुवावेत, चहा प्यावा, गप पडावं! पण आमच्या ज्ञानेशला राहवलं नाही... आणि तुम्हाला सांगतो, त्या रविवारी जी त्याची मान खाली गेली ती अजून धड वर आलेली नाही.

कोण ज्ञानेश म्हणता? अहो, नाशिक रोडला स्टेशनजवळच्या गल्लीत ते थाळीचं हॉटेल होतं ना, दोन हजार सालच्या आसपास, नाव सांगत नाही, उगीच वाद नको, तर तिथला हा सगळ्यात जुना वाढपी. उन्हाळा लागला की दारावर ही मोठी पाटी, 'आमरस पोटभर, कितीही घ्या!' नोटांच्या प्रेसमधली माणसं पगार झाला की बायकापोरांसकट हजर! आणि शेठ गल्ल्यावर बसून सगळ्यांना हसून हसून नमस्कार करणार, 'या, या, आपलंच हॉटेल आहे!', आणि तोंड फिरवून ज्ञानेशला हळूच सांगणार, 'पाटी लोकांसाठी आहे हं, आपल्यासाठी नाही!'

आता मला सांगा, वाढपी तुमच्या टेबलापासून लांब गेला की काय करतो? तुम्हाला वाटतं, दमला असेल बिचारा, खांबाला टेकून उभा आहे. कसला टेकतोय! तो तुमची वाटी बघत असतो! कोण चवीनं खातोय, कोण वाटी बोटानं पुसून परत पुढे सरकवतोय... असा कुणी दिसला की त्याला आत 'गोदाम' म्हणायचे. मग बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, नुसतं त्या टेबलाकडे तोंड करायचं आणि डाव्या खांद्यावरचं फडकं उजव्या खांद्यावर टाकायचं. संपलं! रसाची बादली घेतलेला धनराज हॉलच्या त्या टोकाला असला तरी त्याला बरोब्बर कळायचं. तो सगळीकडे फिरणार, त्या टेबलाकडे नाही. तिथे भातवाला येणार, 'भात घ्या साहेब, गरम आहे, घ्या की!' तुम्ही जेवला होतात ना तिथे? मग तुमच्यावरही फडकं फिरलेलं असणार, सांगून ठेवतो.

आणि ही युक्ती कुणाची? ज्ञानेशची! शेठनं पाठ थोपटली म्हणून गडी असा फुगला, असा फुगला, की घरी जाऊन बायकोला, मीनाला, सगळं करून दाखवलं. स्वयंपाकघरातलं पुसायचं फडकं खांद्यावर घेऊन! कधी स्वतः धनराज, कधी स्वतःच गोदाम. मीना हसून हसून बेजार. मग डोळे पुसत म्हणाली, 'अहो, पण त्या माणसाला कळत असेल का हो?' 'छे! त्याला वाटतं आपली पाळी यायचीये अजून.' तिनं ते फडकं त्याच्या खांद्यावरून काढून घेतलं. पण याला कुठलं कळायला! म्हणून म्हणतो, बायकोला शिकवायचं कशाला?

बरं, मीनाचे वडील म्हणजे पुंजाबाबा. मखमलाबादकडे मळा, मेथी, कोथिंबीर, थोडा झेंडू. देवमाणूस हो! ज्ञानेशच्या लग्नात पंगतीत स्वतः जिलबीचं ताट घेऊन फिरले होते, 'जावईबापू, माझ्यासाठी येक, मीनाच्या आईसाठी येक,' करत याला हलता येईना इतकं खाऊ घातलं. पण जन्मात कधी हॉटेलात बसून जेवलेले नाहीत. मीनाच्या मनात कधीपासून, वडिलांना, तिच्या अण्णांना, एकदा इथे आणायचं, आमरस खाऊ घालायचा. आणि हा प्रत्येक वेळी, 'सीझन संपू दे.' अहो, सीझन संपल्यावर रस कुठला? खरं सांगू का, याला लाज वाटायची. सासरा धोतर-टोपीत येणार, भुरके मारून जेवणार, पोरं हसतील... अशी लाज! खरी लाज कशाची असते ते त्याला अजून कळायचं होतं.

तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या रविवारी मीनानं केलं काय, फॉल-पिकोचे पैसे साठवले, वडिलांना नवीकोरी टोपी घेतली आणि याला न सांगता घेऊन आली! हॉल तुडुंब. कोपऱ्यात बापलेक बसले, जेवण सुरू झालं, म्हातारा खूश. मग ही उठली, म्हटलं नवऱ्याला मागून जाऊन चकित करू. हात धुवायच्या बेसिनकडून वळसा घालून खांबामागे आली, 'ओळखा पाहू कोणाला आणलंय,' असं म्हणणार, तोंड उघडणार... तेवढ्यात डाव्या खांद्यावरचं फडकं उजव्या खांद्यावर!

आणि हा वळतो काय, समोर मीना! झालं, याला चेव आला! 'अगं तू? बरी आलीस! गंमत बघ, तो पाठमोरा टोपीवाला बघ कोपऱ्यातला, गोदाम आहे गोदाम! कोपर बघ कसं चाललंय! आता रस कसा फिरकत नाही बघ तिकडे!'

मीनानं कोपऱ्याकडे बघितलं. मग एवढंच म्हणाली, 'मागून ओळखू आले नाहीत का? टोपी नवीन आहे ना.'

अहो, तुम्हाला सांगतो, त्या क्षणी ज्ञानेशला वाटलं, या खांबात शिरता आलं तर बरं! म्हाताऱ्यानं वाटी चाटूनपुसून ताटाच्या कडेला सरकवली होती, दिसावी म्हणून. आणि धनराज रसाची बादली घेऊन शेजारच्या टेबलावरूनच परत फिरत होता. म्हातारा बादलीकडे बघतोय... बादली गेली. म्हातारा ताटाकडे बघतोय. हाक नाही, काही नाही!

ज्ञानेशनं घाईघाईनं फडकं परत डाव्या खांद्यावर टाकलं. पण परतीची खूण ठरलीच नव्हती ना! धनराजला वाटलं, दुसरं गोदाम! त्यानं पलीकडचं टेबलही गाळलं. यानं फडकं पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे... धनराज घाबरला! त्याला वाटलं धाड पडली, तो बादलीसकट आत! अख्ख्या हॉलचा रस बंद! शेठ ओरडतायत, 'ज्ञानेश, माशा मारतोस काय रे?'

शेवटी हा आत धावला, बादली हिसकावली आणि सासऱ्यापुढे जाऊन उभा राहिला. तोवर तिथे भाताचा डोंगर पडून संपलेला आणि म्हाताऱ्यानं पाणी ओतून ताटातच हात धुतलेला. 'अण्णा, रस...' 'नगं, नगं जावईबापू, पोट तुडुंब भरलं! मगाशी रस संपला व्हता ना? म्या मनात म्हणलं, मागायचं नाय. आपल्या जावयाला चारचौघांत खाली बघाया लागंल.'

आता बोला! ज्याला खाली बघायला लागू नये म्हणून म्हातारा उपाशी... उपाशी नाही, पण रसावाचून उठला, तो जावई बादलीत बघत उभा! रिक्षास्टँडवर हा मीनाला म्हणाला, 'मला लाज वाटते गं. सांगून टाकू का त्यांना?' ती म्हणाली, 'नका सांगू. त्यांना वाटतंय रस संपला होता. तेवढं तरी राहू द्या.' तुम्हीच सांगा, शिकवलंच नसतं तर एवढं तिला तरी लागलं असतं का? बायकोला शिकवायचं कशाला?

पण खरी गंमत पुढेच! आखाजीला मळ्यावर जेवण. पुंजाबाबा स्वतः पातेलं घेऊन बसलेले, 'घ्या जावईबापू, त्या दिशी तुमच्याकडला संपला व्हता, हितं घरचा हाय, लय ग्वाड हाय!' एक वाटी, दुसरी, तिसरी... आणि हा 'पुरे' कुठल्या तोंडानं म्हणणार? वाटी रिकामी झाली की भरली, पोट फुगलं, डोळे पांढरे व्हायची वेळ आली, तरी म्हातारा, 'माझ्यासाठी येक, मीनाच्या आईसाठी येक!' आणि समोर चुलीपाशी मीना उभी, डाव्या खांद्यावर फडकं! ज्ञानेश तिच्याकडे बघतोय, काकुळतीनं बघतोय, भुवयांनी विनवतोय, मानेनं दाखवतोय, टाक गं ते उजव्या खांद्यावर, एकदाच टाक... आणि मीना शांतपणे उभी. फडकं डाव्याच खांद्यावर!

अहो, घरी येऊन, नाचून-वाकून, सगळं करून दाखवून शिकवलं होतं तिला! ऐन वेळी जर कामालाच यायचं नव्हतं, तर मी म्हणतो, बायकोला शिकवायचं कशाला?