लोहचुंबक खाली पडलं

नाही भाऊ, खुर्ची नको, मी या टायरवरच टेकते — कपड्यांचं काय, धुतले की झालं. तुम्ही तुमचं पंक्चर काढा, कान तेवढे माझ्याकडे असू द्या. तर त्या मागच्या लाल गाडीचं म्हणत होते मी — हो, तीच, ताडपत्रीखालची, दोन माणसांची. रविवारी आमच्या ह्यांच्याबरोबर आले होते बघा. ती विकली गेली, एवढंच ह्यांना सांगायचं. दुसरं काही नाही. खोटं आहे, कळतंय मला, पण माणूस दुखावण्यापेक्षा बरं.

का म्हणजे — गंजलीये हो ती. दाराखालचा पत्रा बोट लावलं की भुगा होऊन हातात येतो. तुम्ही राग मानू नका, तुम्ही काहीच लपवलं नाहीत, ब्रेक लागत नाहीत हेही तोंडावर सांगितलंत. शिवाय आमची गल्ली अरुंद. शिवाय ह्यांची पाठ — इतकं खाली बसतील एक वेळ, उठवणार कोण? मी? आणि लोक काय म्हणतील, केस पिकले आणि आता लाल गाडीचे डोहाळे लागले. हसा, हसा. घरी मीही हसलेच होते. आयुष्यभर लोकांच्या गाड्या चकचकीत केल्या ह्यांनी आणि स्वतःची म्हणाल तर एक खोकणारी स्कूटर. मग वाटलं, एवढी हौस आहे तर घेऊ दे ना. स्वस्तात मिळतेय. मीच म्हटलं, चला, बघून येऊ. खरंच, मीच म्हटलं.

तुम्हाला ह्यांचं काम माहीत नसेल. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून पॉलिश पेपर भिजवून हातात द्यायचं काम माझं. त्यामुळे मलाही कळतं थोडंफार. कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की ह्यांना बरोबर न्यायचा, आणि हे खिशातून लोहचुंबक काढायचे — जुन्या स्पीकरमधलं, फडक्यात शिवलेलं, रंगाला ओरखडा नको म्हणून. ते फडकंही मीच शिवलंय. पत्र्याला लावायचं. चिकटलं तर खाली लोखंड आहे. नाही चिकटलं तर भोक बुजवून वर पुट्टी थापलीये. साधी गोष्ट. ह्यांना तर त्याचीही गरज नसायची, बोटाने नुसतं टक टक केलं की सांगायचे, हा माणूस फसवतोय.

तर रविवारी — तुम्ही तेव्हा हवा भरायला पुढे गेला होतात — ह्यांनी ते चाकावरच्या पत्र्याला लावलं. पडलं. खाली, मातीत. ह्यांनी उचललं, फुंकर मारली, परत तिथेच लावलं. परत पडलं. मी वाटच बघत होते, आता म्हणतील, चल निघू या, सगळी पुट्टी आहे. तर माझ्याकडे वळले आणि कसे हसले — आमची मुलगी पहिल्यांदा चालली होती ना, तेव्हा हसले होते तसे — आणि म्हणाले, "बघितलंस? कसं घट्ट धरलंय. एक नंबर पत्रा आहे." चुंबक पायाशी पडलेलं. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, हो. आणि ते उचलून माझ्या पिशवीत टाकलं. अजून तिथेच आहे, हे बघा.

विसरतो हो माणूस, मी कुठे नाही म्हणते. मी दूध उतू घालवते. पण हे विसरणं नाही, भाऊ. डोळ्यांसमोर पडलं ते. मागच्या महिन्यात स्कूटरवर गेले आणि घामाघूम होऊन चालत आले. म्हटलं, स्कूटर कुठे आहे? म्हणाले, कुठली स्कूटर? मला वाटलं, चेष्टा करतायत. मुलगी फोनवर म्हणते, आई, तू राईचा पर्वत करतेस, बाबा माझ्याशी किती छान बोलतात. बोलतात ना. फोनवर कुणीही छान बोलतं. तुमचं एक बरं आहे, ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे येतात, कुठून गळतंय ते दिसतं — मी कुठे बुडवून बघू? डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, मला काय झालंय? आणि मलाही जायचं नसतं, खरं सांगायचं तर. डॉक्टर एकदा बोलले की ते बोललेलंच राहणार.

बघा, गाडीचं सांगायला आले आणि काय काढून बसले. तर म्हणून म्हणते, ब्रेक नसलेली गाडी आणि हा असा माणूस — मला डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्ही विकली म्हणून सांगा. तुमचा शब्द मानतील ते, तुमच्यावर कशाला संशय घेतील, तुम्हाला एकदाच तर भेटलेत —

काय?

काल? काल तर केस कापायला गेले होते. नाही, कापलेले नव्हते, मी म्हटलं, गर्दी असेल. परवाही आले होते? रोज? आणि रोज तुम्हाला विचारतात, ताडपत्रीखाली काय आहे. तुम्ही दाखवता. आणि रोज — नाही, तुम्हाला कसं कळणार, तुम्हाला वाटलं भाव पाडायची युक्ती. कुणालाही तसंच वाटलं असतं. खिसे चाचपतात? चाचपतील. चुंबक माझ्याकडे आहे ना.

थांबा जरा, पाणी द्या घोटभर.

येतात कसे पण इथवर? चालत? हा समोरचा रस्ता ओलांडून — एवढे ट्रक जातात इथून. देवा. आणि मी घरी भाजी निवडत बसलेली, म्हणे केस कापायला गेलेत.

भाऊ, ऐका. विकली म्हणून सांगू नका. सांगितलंत तरी उद्या परत येतील, ताडपत्री काढून दाखवा म्हणतील, आणि एक दिवस तो ट्रकवाला — नको. मला विका ती. हो, मलाच. पुट्टी असू दे, गंज असू दे. फक्त बॅटरी काढून घ्या, पेट्रोल काढून टाका, चावी ह्यांच्या हातात नाही, माझ्या हातात. ओढून आणा आणि आमच्या दारात उभी करा. गाडी दारात असेल तर हेही दारात असतील. सकाळी उठून ताडपत्री काढतील, रोज नवीन मिळाली म्हणून खूश होतील, घासत बसतील. पॉलिश पेपर मी भिजवून देईन. मी काय, शेजारच्या सीटवर —

गप्प. ते बघा, पलीकडे उभे आहेत. हात खिशात गेला बघा. चपला वेगवेगळ्या घातल्यात. तुम्ही हाक मारू नका, बिचकतील मध्येच. मी जाते, हाताला धरून आणते. आणि भाऊ, आले की नाव विचारा त्यांचं. पहिल्यांदाच भेटताय, असं.