नाव पटावर, पोरगी घरी

माहेर माझं आष्टीकडलं. पाच बहिणी आम्ही, त्यात चौथीपर्यंत शिकली ती एकटी मी, तेही शाळा आमच्या घराले लागून होती म्हणून, नाईतर कोण पाठवतो. पाचवीले दुसऱ्या गावी जावं लागे, तवा बाबा म्हणाले पुरे झालं. पुरे तर पुरे. लग्न होऊन देवळीजवळच्या या खेड्यात आली. नवरा शांत माणूस, शेतात राबे अन् घरी आला की गप्प बसे, बोलायचं काम सगळं माझ्याकडे.

पोरगी एकच, शोभा. तिले गावच्या शाळेत घातली, पहिली पास, दुसरी पास, मले वाटे बरं चाललं आहे. ती तिसरीत असताना, आणीबाणीच्या आधीची गोष्ट ही, माझ्या भावाचं कार्ड आलं. मी अंगण सारवून राह्यली होती, हात शेणाचे, म्हणून म्हणलं शोभे, वाच बरं मामानं काय लिहिलं. तिनं कार्ड डोळ्यासमोर धरलं अन् घडघड म्हणाली, आम्ही सर्व खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवा. मले बरं वाटलं. मग हात धुऊन सहज पाहिलं, तर काय सांगू तुम्हाले, कार्डात लिहिलं होतं वहिनी दवाखान्यात आहे, लवकर ये. पोरीले एक अक्षर वाचता येत नव्हतं, कार्डात काय असते ते ऐकून ऐकून पाठ होतं तिले.

विचारलं तर रडली. म्हणाली, मी वर्गात नसतोच आई, गुरुजीच्या घरी असतो, पाणी भरतो, त्यांच्या बाळाचा पाळणा हालवतो. शनिवारी पोरींनी शाळा सारवायची ही रीत होती गावात, त्याले माझं काही म्हणणं नव्हतं, मीही सारवली लहानपणी. पण हे रोजचं? भावाकडे जाऊन वहिनीले पाहून आली अन् मग गेली शाळेत. गुरुजी म्हणाले, बाई, पास तर करून राह्यलो ना दरवर्षी, मग तुमचं काय बिघडलं? मी म्हणलं, उद्यापासून तुमचा पाळणा तुम्ही हालवा. अन् पोरीले हाताले धरून घरी आणली.

मग मीच शिकवलं. चुलीपाशी पाटी, कापूस वेचायच्या दिवसांत शेतातच पाढे, कमरेची ओटी कापसानं भरेपर्यंत एक पाढा झाला पाहिजे. वाचायले किराण्याच्या पुडीचे कागद. चुकली तर मारलंही मी तिले, खोटं कशाले बोलू. माझी जाऊ आवाराच्या भिंतीवरून म्हणे, काय मास्तरीणबाई, घंटा नाई आणली का शाळेले? मी म्हणे, घंटा कशाले पाहिजे, तुमचं तोंड वाजतेच दिवसभर.

असं दीड वर्ष गेलं. मग एक दिवस गुरुजी स्वतः घरी आले, मले वहिनी वहिनी करत. तपासणीले साहेब येणार होते अन् पोरं कमी पडून राह्यली होती. तवा कळलं की शोभाचं नाव त्यांनी पटावरून काढलंच नव्हतं, रोज हजर मांडून राह्यले होते. म्हणाले, एक दिवस पाठवा, नुसती बसू द्या, मी तिले चौथी पासचा दाखला देतो, देवळीले पोरगी सरळ पाचवीत जाईल. आमचे हे माझ्याकडे पाहून राह्यले, त्यांना वाटलं काय वाईट आहे. मी म्हणलं, गुरुजी, नाव तुमच्याजवळ आहे ना, तेच बसवा साहेबासमोर. पोरगी घरी शिकून राह्यली.

मग तिले घेऊन देवळीच्या शाळेत गेलो दोघं. तिथल्या हेडमास्तरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले परीक्षा घेतो. वाचायले दिलं ते तिनं धडाधडा वाचलं, माझी मान ताठ झाली. मग गणित दिलं, वजनाचं, अन् पोरीनं उत्तर काढलं शेर अन् छटाकात! बाजारात मी स्वतः किलोनं सामान घेत होती, पण शिकवाले बसली की माझ्या चौथीतलंच तोंडात येई, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. हेडमास्तर हसले, म्हणाले बाई, शेर जाऊन जमाना झाला. पाचवीत नाई घेता येत, चौथीत बसवतो.

बाहेर आल्यावर हे हळूच म्हणाले, गुरुजीचा दाखला घेतला असता तर? मी तिथंच रस्त्यावर म्हणलं, दाखला कार्ड वाचून दाखवते का? खोट्या पाचवीपेक्षा खरी चौथी बरी. चूक माझी होती ती माझी होती, किलो-ग्रामचं गणित मी तिच्यासोबत बसून नव्यानं शिकली.

वर्गात सगळ्यात उंच पोरगी तीच. मॅट्रिक झाली, वर्ध्याले कचेरीत नोकरी केली, आता सिंदी मेघेले घर आहे तिचं. भांडण झालं की अजून म्हणते, आई, तू मले एक वर्ष मागं पाडलं. मी म्हणतो, पाडलं. गुरुजीनं तीन वर्षं पाडलं होतं, त्याले नाई विचारत तू?

आता माझं वय झालं, अक्षर बारीक असलं तर दिसत नाई. तुम्ही एवढं बसून ऐकलं, तुमचं भलं होवो, तुमची लेकरं शिकोत. पण माझं बोलणं ज्यावर लिहून घेतलं तो कागद इकडे आणा. वाचून दाखवू नका, द्या माझ्या हातात. काय लिहिलं ते मी पाहून घेईन.