चढावरचा पाना

ऐका. शेकोटीजवळ सरका, आन् माझ्या ह्या उजव्या पायाकडं बघा. तीन बोटं न्हाईत. समद्यास्नी वाटतं नांगराच्या फाळानं गेली. मीच तसं सांगत आलो. आज खरं सांगतो, कारण आज सांगायची येळ आलीया.

निमगावात एकाच्या रानात रोटर, म्हंजी ट्रॅक्टरमागचं माती भुसभुशीत करायचं पात्यांचं अवजार, मारून मी निघालो तवा चांगलं अंधारून आलं होतं. शेतमालक म्हणाला, डांबरीनं जा. पण डांबरीनं अडीच कोस, आन् ओढ्यातनं पाऊण. घातला ट्रॅक्टर ओढ्यात. आपल्याला कोण अक्कल शिकवणार!

ओढा उतरलो, पलीकडचा चढ लागला, आन् इंजिन धापा टाकत बंद पडलं. डिझेलच्या पायपात एअर धरली असंल म्हणलं. उस्तादानं लावलेली सवय, ट्रॅक्टर उभा राहिला की आधी रोटर जमिनीवर टेकवायचा. टेकवला. फिल्टरचा स्क्रू ढिला केला, शेजारचा छोटा हातपंप मारला, टचक टचक. आधी फेस आला, मग निव्वळ डिझेल. स्क्रू आवळला, किल्ली मारली, चालू! रोटर उचलून दहा पावलं गेलो. बंद. परत फेस, परत डिझेल, परत चालू, परत बंद. अरं, टाकी भरलेली, पायपा नव्या, मग हवा शिरतीया कुठनं?

तिसऱ्या खेपेला किल्ली फिरवली तर सेल्फ, इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर, मुकाच. दिवे मात्र फकफकीत. रोटर टेकवलेलाच होता, सीटवर कपाळाला हात लावून बसलो. तवा आवाज आला. टचक. टचक. मी तर वर बसलेला. मग पंप कोण मारतंय?

वाकून बघितलं. डोक्यावर टावेल घेतलेला एक माणूस फिल्टरपाशी उभा. कुठला म्हणून इचारलं, तर हितलाच म्हणाला. लई सावकाश बोलायचा. म्हणाला, बॅटरी चांगली हाय, किल्लीची वायर गेलीया.

“खाली ये. चाकापुढं उभा राहा आन् सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना आडवा टेकव. मी असंच करायचो.”

आता सांगा, ह्यात खोटं काय होतं? चालू होतोच की तसा. गेर न्यूट्रल केला, दांडा हलवून बघितला, उतरलो. मोठ्या चाकापुढं उभा राहून वाकलो, आन् त्याचा टावेल सरकला. खांद्यापासनं कमरेपातुर अंगावर टायरची नक्षी उमटलेली. चिखलासकट.

वळखलं मी. भिवा ड्रायव्हर. ट्रॅक्टर गेरमधीच ठेवून खालनं पाना लावला आन् ह्याच चढावर आपल्याच चाकाखाली गेला, त्याला दोन वरसं झाली होती.

वर बघतो तर गेरचा दांडा आपोआप सरकला. हात मागं घ्यायला गेलो, हात ऐकंना. ओरडायला गेलो, तोंड उघडंना. माझाच हात, माझाच पाना, आन् मी नुसता बघतोय. टेकला. इंजिन पेटलं. चाक अंगावर आलं.

रोटर टेकलेला होता म्हणून वाचलो. पाती मातीत रुतली, ट्रॅक्टर अडला, तेवढ्यात मी कलंडलो. चाक पायावर चढलं आन् इंजिन बंद पडलं. पाय चाकाखाली, मी भुईवर, पाना मुठीत. मूठ सुटंना. हात लांब केला तर सेल्फला पुरत होता. भिवा परत पंपाशी गेला.

टचक. टचक.

“लाव की,” म्हणायचा. “एकदाच लाव.”

रातभर डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. रडलो, का लपवू? पहाटं दूधवाल्याची फटफटी वाजली, तवा कुठं मूठ उघडली.

म्हणून सांगतो, डांबरीनं अर्धा तास जास्त लागू दे, पर त्या चढाला जाऊ नका. आन् ट्रॅक्टर कवाबी सीटवर बसूनच चालू करा.

शिरपा, तू मान खाली घालून बसू नगंस. काल तुला बांधावर बघितला, चाकापुढं उभा राहून पाना टेकवताना. तुझ्या बापानं कधी तसं केलं न्हाई, मी बी तुला शिकवलं न्हाई. खरं सांग लेकरा. परवा निमगावास्नं कुठल्या वाटेनं आलास?