दांड्याला बांधलेला नारळ

आमच्या दाजींचा मिलिट्रीचा ट्रक बघितलाय का तुमी? लिलावात घेतला अन् पूजेला थेट पोखर्णीच्या देवळात नेला. तिथं आक्कानं गिअरच्या दांड्याशेजारी जो दुसरा छोटा दांडा हाय, त्याला लाल फडक्यात नारळ बांधला, अन् बांधताना त्यो दांडा खाली बसला. आता देवाच्या नारळाला हात कोण लावतंय?

तवापासून ट्रक डरकाळ्या फोडायचा वाघासारख्या अन् चालायचा बैलगाडीसारखा. दाजी म्हणायचे, "मिलिट्रीची गाडी हाय, शिस्तीतच चालणार."

पुतणीच्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन वालूरला निघालो. मुहूर्त जवळ आला अन् मागून आलेला मेंढरांचा कळप आमाला ओलांडून पुढं गेला. तसे आमचे रिटायर फौजी मामा चालत्या ट्रकातून उतरले अन् केबिनच्या बाजूनं चालत म्हणाले, "दाजी, छोटा दांडा खाली कामून? त्यो चिखलातून गाडी काढायला असतोय. ताकद लय, पळणं न्हाई. वर करा की!"

"अन् देव?"

मामांनी ट्रक थांबवायला लावला, केबिनीत चढून चपला काढल्या, नारळाला हात जोडले अन् दांडा वर केला. मग काय पळाला म्हणता! मुहूर्ताआधी पोचलो.

उतरल्यावर आक्कानं फेटे सुटलेल्या वऱ्हाडाकडं बघितलं अन् दाजींना म्हणाली, "अहो, जाताना देवाला परत खाली बसवा."